पिनेवरचे बारा टाके

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात जन्मणाऱ्या बाळासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेणारी बाई एकतर बाहेरगावची असते, नाहीतर तिचं डोकं ठिकाणावर नसतं. मी जन्माने सेलूची आणि लग्नाने नालवाडीची. म्हणजे पहिली शक्यता आपोआपच बाद.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख नेमकी नवतप्यात पडत होती. नवतपा म्हणजे मेच्या शेवटी येणारे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे सकाळी नऊलाच टाकीचं पाणी चहा टाकावा इतकं तापतं, कुत्री नालीत उतरून बसतात आणि शहाणी माणसं दाराला आतून कडी घालून कूलरसमोर आडवी होतात. त्या दिवसांत जगात येणाऱ्या जिवाला मी पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा, पिवळा लोकरी स्वेटर चढवायला निघाले होते. वर टोपी. खाली मोजे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा दरवर्षी माझ्याचकडे असतो.

याचा दोष मी आमच्या स्टाफरूमवर ढकलते. पाचवा महिना सरला, बातमी फुटली आणि तिथली प्रत्येक बाई डॉक्टर झाली. एकीने माझी पपई बंद केली, दुसरीने गाडी, तिसरीने वरच्या मजल्यावरचा तास. हिंदीच्या मॅडम तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या रिकाम्या तासाला गेली कित्येक वर्षं विणत बसतात, आणि त्यांनी नेमकं काय विणलं ते आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी पर्समधून दोन सुया काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"हाताले काम दे," त्या म्हणाल्या. "मन आपोआप जागेवर येते."

मन जागेवर नव्हतं हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले होते आणि मला भीती वाटत होती. पोटात हललं की वाटायची, नाही हललं की जास्त वाटायची. पण दहावीच्या पोरांना 'भीतीचं मूळ अज्ञानात असतं' असं फळ्यावर लिहून देणाऱ्या बाईने ही भीती सांगायची कोणाला? म्हणून मी सुया घेतल्या.

आता आमचा जिल्हा कापसाचा. दिवाळी सरली की रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस लटकलेला दिसतो, जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला. पाहुणे आले की आम्ही त्यांना चरखा, सूत, खादी असं सगळं छाती काढून दाखवून आणतो. तेव्हा मला वाटलं, सुती धागा घ्यावा, उन्हाळ्याचं बाळ, त्याला बरं. वर्धेच्या बाजारात तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे दयेने पाहिलं.

"मॅडम, विणकामाचं सुती इकडे नाई मिळत. तोरणाचा बारीक धागा आहे, तो देऊ? नाईतर लोकर घ्या. थंडीचा माल उरला आहे."

अशा रीतीने कापसाच्या जिल्ह्यात, फेब्रुवारीच्या मध्यावर, मी लोकर घेऊन घरी आले. पिवळी, कारण गुलाबी आणि निळी संपली होती. ती लोकर कुठल्या मेंढीने पाहिलेलीही नव्हती, कारखान्यातलीच होती, पण लोकर म्हणायची पद्धत आहे.

शिकवायला फोन होता. व्हिडिओतली बाई उत्तरेकडची, गोड आवाजाची. दर दोन मिनिटांनी ती म्हणायची, "बहनों, फंदे गिन लीजिए." फंदे म्हणजे टाके. बी.एस्सी. झालेल्या बाईला चाळीसपर्यंत मोजायला सांगणं मला जरा अपमानाचंच वाटलं, म्हणून मी मोजले नाहीत. चाळीस टाक्यांवर सुरू केलेला तुकडा आठवड्याने त्रेपन्न टाक्यांचा झाला. माझा नवरा विजेच्या ऑफिसात आहे, वस्तू उजेडात धरून पाहायची त्याला सवय. त्याने तो तुकडा खिडकीशी धरला.

"काय आहे हे?"

"पाठ."

"कोनाची?"

त्या दिवसापासून मी मोजायला लागले.

सासूबाईंनी हे सगळं तीन आठवडे चालू दिलं. आधी त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई सेलूला स्वतःचा गुडघा बदलून घेऊन पलंगावर पडली होती, आणि तिथे मी गेले असते तर कोणी कोणाला उठवायचं हा प्रश्न होता. सासूबाई निवृत्त नर्स. पस्तीस वर्षं त्यांनी आधी आष्टीकडच्या आणि मग वर्धेजवळच्या गावांमध्ये काढली, खांद्याला लसींचा निळा डबा लावून. गरोदर बाईला ग्रहणात कोंडून ठेवणाऱ्या सासवांना त्यांनी तोंडावर झापलं आहे. भगताकडे निघालेलं तापाचं पोर वाटेतून उचलून दवाखान्यात नेलं आहे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या बापाची ही मुलगी. आमच्या घरात लिंबू-मिरची नाही, कुंडली नाही, मुहूर्त नाही. या घरात आम्ही राहायला आलो तेही मुद्दाम पितृपक्षात, कारण तेव्हा टेम्पोवाला रिकामा असतो.

"आमी काई मानत नाई," हे आमच्या घराचं बोधवाक्य आहे. ते सासूबाईंचंच. त्याच्यापुढे त्या कधीकधी 'पन' जोडतात, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी टोपी जवळजवळ पुरी झाली. टोपी अशी विणतात की वरच्या टोकाकडे टाके कमी करत जायचे. शेवटी सुईवर बारा उरतात. त्या बारांतून धागा ओवायचा, ओढायचा, गाठ मारायची, बाजूची शिवण घालायची. झाली टोपी. मी शेवटच्या बारा टाक्यांपर्यंत आले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कशाला तरी गोल आकार आला होता, म्हणून ती सासूबाईंना दाखवायला नेली.

त्यांनी ती हातात घेतली. आत बोटं घालून फुगवून पाहिली. "चांगली झाली," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बंद नको करू."

"म्हणजे?"

"उघडीच राहू दे. बाळ आल्यावर करजो बंद."

"आई, हे तुमी बोलून राह्यल्या?"

"मी मानत नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन राहू दे."

आणि त्यांनी आपल्या पदराची सेफ्टी पिन काढली, माझ्या सुईवरचे बारा टाके एकेक करून त्या पिनेवर घेतले आणि पिन लावून टाकली. आयुष्यात कधी विणकाम न केलेल्या बाईने एकही टाका सुटू दिला नाही. मला तेव्हा त्याचंही कौतुक वाटलं नाही, इतकी मी चिडले होते.

मग तह झाला. विणायला हरकत नाही, कितीही विण. पण बाळ हातात येईपर्यंत एकही वस्तू पुरी करायची नाही. बाळासाठी नवं काही आणायचं नाही, शिवायचं नाही. पहिले कपडे जुने, आणि तेही ठणठणीत लेकरं असलेल्या घरून मागून आणलेले. असं घर त्यांनी गल्लीच्या टोकाला आधीच हेरून ठेवलं होतं. त्या घरची दोन्ही पोरं दिवसभर आमच्या फाटकावर लटकायची, त्यामुळे ती ठणठणीत होती यात मला शंका नव्हती.

नवऱ्याकडे दाद मागितली. तो म्हणाला, "बाजारात तुरी," आणि पेपर वाचायला लागला. तूर म्हणजे बाळ की टोपी, हे त्याने सांगितलं नाही.

माझी अर्धवट मालमत्ता ठेवायला सासूबाईंनी तो निळा लसींचा डबा दिला. बिजागरी तुटल्यामुळे तो बाद झाला होता आणि निवृत्तीच्या वेळी त्यांना तसाच देऊन टाकला होता. आतल्या जाड थरामुळे बर्फ दोन दिवस टिकायचा म्हणे. आता त्यात माझी लोकर टिकत होती. एप्रिल उजाडला तेव्हा डब्यातला साठा असा होता: पिनेवर बारा टाके असलेली टोपी. एक मोजा, बोटांकडून उघडा. दुसरा मोजा, टाचेपर्यंत. स्वेटरची पाठ, पोट आणि दीड बाही. दीड महिन्याच्या कष्टांनंतर माझ्याकडे कुठल्याही मनुष्यप्राण्याला घालता येईल असं एकही वस्त्र नव्हतं.

स्टाफरूममध्ये रोज विचारणा व्हायची, "झाला का स्वेटर?" मी म्हणायची, "होऊन राह्यला." सासूबाईंचा नियम मी कोणाला सांगितला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचा फलक शाळेत माझ्याच अक्षरात लागलेला होता.

एका दुपारी माझा तोल गेला. उन्हाने जीव नकोसा झालेला, पाय सुजलेले. सासूबाई कूलरसमोर चिंचा फोडत बसल्या होत्या. वर्षाची चिंच त्या एकट्याच फोडतात, कोणाला हात लावू देत नाहीत. मी त्यांच्यासमोर स्वेटरची दुसरी, अर्धी बाही घेऊन बसले होते, ती विणली की स्वेटर पुरा होणार होता, आणि पुरा करायची तर बंदी. मी म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण."

बोलून गेल्यावर वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांनी मान वर केली नाही.

"आष्टीकडे होती मी तवा," त्या म्हणाल्या. "एका घरी पहिलंच बाळंतपण. सुनेच्या मायनं पेटी भरून कपडे शिवलते. झबली, टोपरी, दुपटी. बारशाचा फ्रॉक भी. लेकरू दोन दिवस राह्यलं."

चिंचोका काढून त्यांनी डब्यात टाकला. मी विणायची थांबले.

"पोरगी पलंगावर, आन पेटी तिच्या डोळ्यासमोर. घरात सात माणसं. पन त्या पेटीले हात कोन लावन? बाप आंगनात, आजी चुलीपाशी. कोनी उठे नाई. शेवटी मीच पिशवी मागतली. सगळं भरलं, आन एसटीत बसली मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हने, का सिस्टर, बाजार केला काय?"

"तुमी काय म्हणल्या?"

"हो म्हटलं."

त्यांनी बोटांना लागलेला चिंचेचा गर पुसला.

"काय केलं त्या कपड्यांचं?"

"वाटले. पुढच्या गावात तीन बाया होत्या दिवसावर. म्हटलं, जुने आहेत, घ्या. त्याईनं घातले. त्यातलं एक पोरगं आता तलाठी आहे."

'ठणठणीत लेकरांच्या घरचे जुने कपडे' या नियमाची याहून मोठी चेष्टा कोणी केली नसेल.

"कपड्यात काई नसते पोरी," त्या म्हणाल्या. "कपड्याले काय समजते? म्हनून तर तुले सांगून राह्यली, मी मानत नाई. पन तशा तीन पिशव्या उचलल्या मी नोकरीत. या घरात काई झालं तं चवथी भी मलेच उचला लागन. माह्या पोराच्यानं ते होनार नाई, आन तुह्याच्यानं तं नाईच. अर्धं राहू दे. धागा ओढला का उसवून लोकरीचा गुंडा होते. गुंडा कोनालेबी उचलता येते."

आणि त्यांनी पुढची चिंच घेतली.

मी बाही तशीच डब्यात ठेवली. त्यानंतर मी भांडले नाही, पण मनातून रागच होता, कारण ज्याच्याकडे मी दोन महिने पाठ करून विणत बसले होते तेच त्यांनी उचलून माझ्यासमोर ठेवलं होतं. मला जे घडेल असं वाटत होतं तेच त्यांनाही वाटत होतं. फरक इतकाच की त्यांनी त्याची तयारी ठेवली होती आणि मी मोज्याची टाच विणत होते.

बाळाने मात्र नवतप्याची वाट पाहिली नाही.

चौदा एप्रिल हा आमच्या घरचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पांढऱ्या साड्या आदल्या दिवशीच इस्त्री होऊन येतात. त्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली, बाहेर मांडवात बुंदीचं वाटप सुरू झालं, आणि मी सासूबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसून द्रोण मोजून देत होते. मोजण्याचं काम आता मला चांगलं जमत होतं. अचानक साडी ओली झाली. आधी वाटलं पाण्याचा ग्लास सांडला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बुंदीचा झारा शेजारणीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उठ. घाई नको करू. पन उठ."

तारखेला अजून सहा आठवडे होते.

रस्त्यावर मिरवणूक आणि डीजे. आमची गाडी अडली. नवरा हॉर्न वाजवत होता आणि हॉर्न कोणाला ऐकू जाणार? सासूबाई खाली उतरल्या, पांढऱ्या साडीत, डीजेच्या गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. त्या गर्दीतली निम्मी मंडळी त्या हाताने टोचून घेतलेली असावीत. डीजे बंद झाला. आमच्या भागाच्या इतिहासात चौदा एप्रिलला तो पहिल्यांदाच दुपारी बंद झाला असेल. निळ्या फेट्यांनी दोन्ही बाजूंनी हात धरून वाट केली आणि मी त्या शांततेतून दवाखान्यात गेले. कळा येत असतानाही मला लाज वाटली.

मुलगी झाली. एक किलो सातशे ग्रॅम. मला तिचा एक पाय दिसला, माझ्या अंगठ्याएवढा, आणि तिला नेलं. नवजात बाळांच्या वेगळ्या खोलीत, काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, अठ्ठेचाळीस तास बघू. वाईट काही नाही म्हणाले. चांगलंही काही नाही म्हणाले. माझ्या उजव्या हाताला सलाईन लावलं होतं, डाव्या हाताला काही काम नव्हतं, आणि मन जागेवर यायला तेवढं पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या सिस्टर बाहेर आल्या. "टोपी अन मोजे आणा घरून. असले तर लोकरीचे. मऊ आणि धुतलेले. इतक्या लहान बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही, आणि आत एसी आहे."

बाहेर पारा चव्वेचाळीसकडे निघाला होता. शरीराचं तापमान टिकवण्याचा धडाही मीच घेते.

नवरा बाजारात पळाला. तासाभराने रिकाम्या हाताने आला. दुकानदाराने त्याला विचारलं म्हणे, "साहेब, एप्रिल आहे ना?" गल्लीच्या टोकाच्या घरून जुने कपडे आले होते, सुती, धुऊन मऊ झालेले. पण त्यांची टोपी तिच्या डोक्यावर घातली असती तर हनुवटीपर्यंत आली असती. सासूबाई म्हणाल्या, "घरी जा. निळा डबा आन."

डबा आला. त्यांनी तो माझ्या पलंगावर ठेवला, झाकण काढलं. माझी अर्धवट मालमत्ता. टोपी वरच होती, पिनेसकट.

सासूबाईंनी पिन उघडायला घेतली आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, थांबा ना."

त्या थांबल्या.

"उद्यापर्यंत थांबा. डॉक्टर उद्या सांगनार आहेत." मी डावा हात टोपीवर ठेवला. "मंग करू बंद."

मी, फळ्यावर लिहून देणारी. माझी खात्री झाली होती की ते बारा टाके उघडे आहेत म्हणूनच ती पेटीत श्वास घेते आहे. आत्ता हे लिहितानाही मला त्याची लाज वाटत नाही. फक्त सांगते आहे.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याने त्या खेड्यातल्या सासवांकडे बघत असतील असं वाटलं. पण आवाज चढला नाही.

"पोरीले आज थंडी वाजून राह्यली," त्या म्हणाल्या. "उद्या नाई."

"तुमीच म्हणल्या होत्या..."

"म्हटलं होतं. तवा पोट होतं. आता पोरगी आहे."

त्यांनी पिन उघडली. "सांग कसं करतात ते."

मी सांगितलं. मोठ्या डोळ्याच्या सुईत धागा ओवा. आता पहिल्या टाक्यातून. हो. आता दुसऱ्या. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता, त्या टोपी नाकापाशी धरून एकेक टाका शोधत होत्या आणि मी मोठ्याने मोजत होते. चार. पाच. त्या व्हिडिओतल्या बाईला मी किती नावं ठेवली होती. नऊ. दहा. बाराव्यातून सुई निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "ओढू?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी धागा ओढला, टोपीचं तोंड मिटलं, गाठ पडली. मग बाजूची शिवण त्यांनी स्वतःच घातली, त्यात त्यांना माझी गरज नव्हती. पिन परत पदराला लावली.

टोपी गरम पाण्यात धुतली आणि खिडकीच्या गजाला अडकवली. बघता बघता कडकडीत वाळली. वर्धेच्या उन्हाचा माणसाला झालेला असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्या वेळात त्यांनी मोजे हातात घेतले, विचार केला आणि दोन्हींची उघडी तोंडं सरळ दोऱ्याने आवळून टाकली. एक मोजा पुऱ्या पायाचा, एक टाचेपर्यंतचा. "पाय केवढा आहे तिचा," त्या म्हणाल्या, "दोन्ही मोठेच होतीन." आणि टोपी, मोजे घेऊन त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून तिच्यापाशी नेलं. काचेआड नळ्या होत्या, आणि नळ्यांच्या वर एक पिवळी टोपी, दोनदा दुमडलेली, तरी भुवयांपर्यंत उतरलेली. टोपीखाली नाक तेवढं दिसत होतं. नाक हलत होतं. मी तिथेच खूप रडले. सिस्टर म्हणाल्या, रडू नका, बाळ चांगलं आहे. म्हटलं, माहीत आहे.

ती तीन आठवड्यांनी घरी आली. नवतपा तिने कूलरच्या खोलीत काढला, गल्लीच्या टोकाच्या घरच्या झबल्यात, ज्यावर एक पुसट हत्ती होता. दुपारी तेही काढून ठेवायचो. स्वेटर डब्यातच राहिला, दीड बाहीचा. पुढच्या थंडीपर्यंत ती त्यात मावेनाशी झाली. तो मी उसवलाही नाही आणि पुराही केला नाही. हिंदीच्या मॅडमना वाटतं, तिने तो घालून फाडला.

आता ती बालवाडीत जाते आणि आमच्या फाटकावर लटकते. त्यामुळे झालं असं की गल्लीच्या हिशेबात आमचंही ठणठणीत लेकराचं घर झालं. ती टोपी आता जुनी आहे, धुऊन मऊ झालेली, आणि जिच्या डोक्यावर होती ती पोरगी सगळ्यांना दिसते आहे. नालवाडीत चार लेकरांनी ती आजवर घातली. दिवस भरत आलेली एखादी सून दारात येते, आधी इकडचं तिकडचं बोलते, मग टोपी मागते. सासूबाई म्हणतात, "आमी काई मानत नाई. पन टोपी चांगली आहे." आणि काढून देतात.

परवा मागच्या गल्लीतली एक आली होती. सातवा महिना, पहिलंच. तिचीही तारीख मेमध्येच आहे. जाताना तिने साडीच्या दुकानाची कापडी पिशवी उघडली आणि टोपी आत टाकायला गेली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पिशवीत नको टाकू व," त्या म्हणाल्या. "हातात ने."

"काऊन?" तिने विचारलं.

सासूबाईंनी पदराची पिन नीट केली. तेव्हा ती माझ्याकडे वळली, मी विज्ञानाची बाई, मी तरी कारण सांगीन म्हणून.

"हातातच ने," मी म्हटलं.